ओढणें, पेलणें आणि थांबविणें

शाळेच्या वार्षिकासाठीं जुन्या विद्यार्थ्यांनीं आपल्या अनुभवांतलें कांहीं लिहून पाठवावें, अशी संपादकांची सूचना आली, तेव्हां काय लिहावें या विचारांत मी बरेच दिवस होतों. मी कोणी कर्तबगार पुरुष नव्हे. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत, डेन्व्हर शहराजवळ, नोकरीनिमित्त अठरा वर्षें राहत असलेला एक साधा संसारी गृहस्थ आहें. तिकडील उंच इमारती व रुंद रस्ते यांचीं वर्णनें आतां कोणास नवीं राहिलीं नाहींत. म्हणून मी एक जुनी मोटार विकत घ्यावयास निघालों आणि ती न घेतां परत आलों, त्याची हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु त्यांत माझ्या बायकामुलांच्या जिवाचा प्रश्न गुंतलेला होता, आणि त्याचें उत्तर मला शेवटीं सांपडलें तें आजोबांच्या बैलगाडींत.

त्या देशांत चाकांवरचें घर मोटारीमागें जोडून हिंडावयास जाण्याची हौस पुष्कळांस असते. अशा घरांत निजावयाच्या खाटा, स्वयंपाकाची चूल, पाण्याची टाकी, न्हाणीघर, सर्व कांहीं असतें. त्यांतील मोठ्या जातीच्या ट्रेलरास 'फिफ्थ व्हील', म्हणजे 'पांचवें चाक', असें म्हणतात. नांव ऐकून मीहि प्रथम खालीं वांकून तें पांचवें चाक शोधूं लागलों होतों! खरी गोष्ट अशी कीं, पूर्वीं घोड्यांच्या चारचाकी गाडींत पुढचा आंस वळतां यावा म्हणून त्याच्यावर एक आडवें लोखंडी कडें बसविलेलें असे. जमिनीला न टेकणारें, आडवें निजलेलें तें कडें म्हणजे जणूं पांचवेंच चाक. घोडे गेले, त्या गाड्या गेल्या, पण नांव मात्र राहिलें. आज पिकअप जातीच्या मोटारीच्या उघड्या हौद्यांत, मागच्या आंसाच्या डोक्यावर, एक लोखंडी जबडा बसवितात. त्याला तिकडे 'हिच' म्हणतात. ट्रेलरच्या पुढच्या भागांतून खालीं आलेला जाड खुंटा या हिचेंत अडकतो, आणि त्या खुंट्याभोंवतीं ट्रेलर वळतो.

ही रचना मोठी चतुराईची आहे. शाळेंत गुरुजींनीं तरफेचा नियम फळ्यावर काढून दाखविला होता, तो येथें उपयोगी पडतो. साधा ट्रेलर मोटारीच्या शेपटाला, मागच्या चाकांच्याहि मागें जोडलेला असतो. त्यामुळें त्याचें ओझें मागचा भाग खालीं दाबतें आणि पुढचीं चाकें उचलूं पाहतें; शिवाय वाऱ्याच्या झोताबरोबर तो डोलूंहि लागतो. पांचव्या चाकाच्या ट्रेलरचें ओझें आंसाच्या वरच पडतें, म्हणून तो रस्त्यावर अधिक स्थिर चालतो. परंतु या सोयीचें मोल द्यावें लागतें. साध्या ट्रेलरच्या वजनापैकीं शेंकडा दहा ते पंधरा इतकाच भाग मोटारीवर येतो. या ट्रेलरच्या वजनाचा मात्र सुमारें पांचवा हिस्सा, कधीं चवथाहि, मोटारीच्या पाठीवर बसतो. हें मीं वाचलेलें होतें. वाचलेलें होतें, इतकेंच.

सन २०२२ च्या मार्च महिन्यांत एका वृद्ध जोडप्याकडून आम्हीं असा एक वापरलेला ट्रेलर घेतला. त्याचें रिकामें वजन ९,१०० पौंड. सामान व पाणी भरून तें जास्तींत जास्त १२,००० पौंड, म्हणजे सुमारें ५,४४० किलो, होऊं द्यावें, असें त्याच्या अंगावर लिहिलेलें होतें. बैल घेण्यापूर्वीं गाडी घ्यावी तसाच हा प्रकार झाला. परंतु घाईला कारण होतें. आमची थोरली मुलगी ऑगस्टमध्यें दूरच्या विद्यापीठांत शिकावयास जाणार होती. तत्पूर्वींचा एक उन्हाळा आम्हीं चौघांनीं मिळून डोंगरांत काढावा, ही तिच्या आईची फार दिवसांची इच्छा होती.

जूनमध्यें एक जुनी पिकअप पाहण्यांत आली. डिझेल एंजिन, चार दारें, आणि वर्ग 'पाऊण टनी'. हें पाऊण टनाचें नांव जुन्या काळापासून चालत आलेलें आहे. आतां तें केवळ वर्गाचें नांव उरलें आहे, भाराचें माप नव्हे. विकणारा गृहस्थ मोठा बोलका होता. तो म्हणाला, "ही पंधरा हजार पौंड ओढते. तुमचा ट्रेलर बारा हजारांचा. तीन हजार शिल्लकच राहिले!" हिशेब सोपा होता, आणि मनासारखा होता. मीं तेथल्या तेथें पांचशें डॉलर विसार देऊन टाकला.

मी अगदींच डोळे मिटून गेलों होतों असें मात्र नाहीं. जुन्या गाडींत काय काय पाहावें याची चौकशी मीं केली होती. गिअरपेटीचें तेल काडीवर घेऊन पाहिलें. तें लाल व स्वच्छ होतें, त्याला जळका वास नव्हता. थंडींत बर्फ वितळविण्यासाठीं तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्यानें गाडीचा सांगाडा गंजतो. म्हणून मीं खालीं निजून विजेरीच्या उजेडांत तो पाहिला. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात व पुढचे दोन वर्ष. '१८२०' म्हणजे २०२० सालचा अठरावा आठवडा. रबर झिजलें नसलें तरी वयानें म्हातारें होतें, म्हणून हे आंकडे पाहावयाचे. तेहि ठीक होते. ट्रेलरचे विजेचे ब्रेक चालविणारी कळ चालकाच्या हाताशीं होती, आणि हौद्यांत हिचहि आयती बसविलेली होती. थोडक्यांत, गाडी निरोगी होती. परंतु मनुष्य निरोगी असला म्हणून तो वाटेल तें ओझें पेलील असें नाहीं, ही गोष्ट माझ्या ध्यानांत आली नाहीं.

आमच्या शेजारीं, चाळीस वर्षें मालमोटारी हांकून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहतात. शाबासकी मिळेल या आशेनें मीं त्यांना गाडी दाखवावयास नेलें. त्यांनीं एंजिनाकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. चालकाच्या बाजूचें दार उघडलें, चष्मा पुसला, आणि दाराच्या खांबावर चिकटविलेला लहानसा कागद ते वाचूं लागले.

"हा वाचला होता का?" त्यांनीं विचारलें.

मीं तो वाचला नव्हता. त्यावर असें लिहिलें होतें कीं, माणसें व सामान मिळून २,१८० पौंडांहून अधिक भार या गाडींत कदापि घालूं नये. शेजारच्या दुसऱ्या कागदावर गाडीचें भरल्यावरचें एकूण वजन १०,००० पौंडांपलीकडे जाऊं नये असें होतें, आणि प्रत्येक आंसाची मर्यादाहि निराळी दिलेली होती.

"बारा हजारांचा पांचवा हिस्सा किती?" ते म्हणाले.

"चोवीसशें."

ते पुढें कांहींच बोलले नाहींत. बोलण्याची जरूरहि नव्हती. गाडींत एकहि माणूस बसण्यापूर्वींच हिशेब संपला होता! तरी मीं खिशांतला लिफाफा काढून त्याच्या पाठीवर बेरीज मांडली. खुंट्यावरचा भार २,४००. हिचेचें वजन १५०, कारण ती मागाहून बसविलेली असल्यामुळें कारखान्याच्या आंकड्यांत धरलेली नव्हती. आम्ही चौघे मिळून ५६०. एकूण ३,११० पौंड. म्हणजे मर्यादेच्या वर ९३० पौंड, सुमारें ४२० किलो.

"मग पंधरा हजारांचा आंकडा खोटा का?" मीं विचारलें.

खोटा नव्हता, आणि हीच यांतील मुख्य मेख आहे. ओढण्याची शक्ति ठरविण्याच्या कसोट्या तिकडे खरोखरच कडक आहेत. ॲरिझोना राज्यांत डेव्हिस डॅम नांवाच्या धरणापासून सुमारें अकरा मैलांची एक लांब चढण आहे; कडक उन्हांत, गाडी थंड ठेवणारें यंत्र पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसह ती चढण ठराविक वेगाच्या खालीं न येतां चढून दाखवावी लागते. परंतु हा आंकडा काढतांना गाडींत दीडशें पौंडांचीं दोनच माणसें धरतात. शिवाय तो एंजिनाच्या, गिअरांच्या व सर्व सांगाड्याच्या ओढण्याच्या शक्तीचा आंकडा असतो. मागच्या स्प्रिंगा, मागचा आंस व मागचे टायर यांच्यावर किती बसवावें, हा प्रश्नच निराळा. पहिला आंकडा जाहिरातींत मोठ्या अक्षरांत छापतात. दुसरा दाराच्या आड बारीक अक्षरांत असतो, आणि तो त्याच एका गाडीपुरता असतो. त्याच नांवाच्या दुसऱ्या गाडीला चार दारांऐवजीं दोन असलीं, किंवा तिचें एंजिन निराळें असलें, तर तो बदलतो.

विकणाऱ्या गृहस्थानें हार मानली नाहीं. मागच्या स्प्रिंगांना हवेच्या पिशव्यांचा आधार द्यावा, म्हणजे गाडी मुळींच दबणार नाहीं, असें त्यानें सुचविलें. वृद्ध शेजारी शांतपणें म्हणाले, "त्यानें गाडी सरळ दिसेल. पण आंस तोच, टायर तेच, ब्रेक तेच. कागदावरचा आंकडा पिशव्यांनीं वाढत नाहीं." तेव्हां त्यानें शेवटचा उपाय काढला, ट्रेलर जोडून ओढूनच पाहा म्हणाला. आम्हीं रिकामा ट्रेलर जोडला. काय सांगूं! सपाट रस्त्यावर ती गाडी अशी निघाली कीं, मागें घर आहे याची आठवणहि राहूं नये. माझें मन पुनः डळमळलें.

शेजाऱ्यांनीं गाडी मालमोटारींच्या थांब्यावर घ्यावयास लावली. तेथें मोठा वजनकांटा असतो. त्याचे लोखंडी पाट वेगवेगळे असल्यामुळें पुढचा आंस, मागचा आंस व ट्रेलरचे आंस यांचीं वजनें एकाच वेळीं निरनिराळीं मिळतात. चिठ्ठी हातांत आली: पुढें ४,५६०, मागें ५,५८०, ट्रेलरच्या आंसांवर ७,२८०. पहिल्या दोहोंची बेरीज १०,१४०. ट्रेलरांत पाण्याचा थेंब नव्हता, एक भांडें नव्हतें, मोटारींत आम्ही दोघेच होतों; आणि तरीहि दहा हजारांची मर्यादा ओलांडली गेली होती. सर्व मिळून १७,४२० पौंड मात्र गाडी लीलेनें ओढीत होती.

ती चिठ्ठी हातांत घेऊन उभा असतां मला एकाएकीं आजोबांची आठवण झाली. माझे आजोबा प्रवरेच्या कांठचे शेतकरी. ऊस तोडून झाला म्हणजे तो गाडींत भरून साखर कारखान्यावर नेत. गाडी भरली तरी ते बैल लगेच जुंपीत नसत. पुढें जाऊन जूं दोन्ही हातांनीं धरीत व उचलून पाहत. जूं आपोआप वर जाऊं लागलें, तर भार मागें जास्त झाला, गाडी उलाळ झाली, असें समजावयाचें. जूं हातांनीं हालेचना असें झालें, तर भार पुढें जास्त. तो सर्व बैलांच्या मानेवर बसणार. मग ते मोळ्या मागेंपुढें करीत, आणि एवढ्यानें जमलें नाहीं तर चार मोळ्या खालीं उतरवून बांधावर ठेवीत. एकदां मीं म्हटलें, "आजोबा, आपले बैल केवढे दांडगे आहेत! एवढें तर सहज ओढतील." ते म्हणाले, "बाळा, ओढायचं निराळं अन् मानंवर घ्यायचं निराळं. मान गेल्यावर ओढणार कोण?"

तीस वर्षांनंतर, सात समुद्रांपलीकडे, त्या बोलण्याचा अर्थ मला कळला. पांचव्या चाकाचा खुंटा म्हणजे जूं, आणि मागचा आंस म्हणजे बैलाची मान. एंजिन किती बळकट आहे हेंच मी विचारीत होतों. मान किती पेलील हें मीं विचारलेंच नव्हतें.

परत येतांना शेजारी आणखी एक गोष्ट बोलले, ती मी विसरणार नाहीं. "चढणीवर गाडी दमली तर थांबते, फार तर मागच्यांचा खोळंबा होतो. उतारावर दमली तर ती थांबत नाहीं." ब्रेक तापत गेले म्हणजे त्यांची पकड सुटत जाते, आणि ज्या गाडीवर मर्यादेबाहेर ओझें आहे तिचे ब्रेक व टायर इतरांहून लवकर तापतात. म्हणून ओढणें आणि पेलणें यांबरोबर थांबविणें हाहि प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो प्रथम विचारला पाहिजे, असें त्यांचें मत होतें.

घरीं येऊन मीं सर्व हकीकत पत्नीला सांगितली. खरें बोलावयाचें तर, "थोडेंसेंच जास्त आहे, चालवून घेऊं," असें तिनें म्हणावें, अशी माझी आंतून इच्छा होती. ती कांहीं वेळ त्या लिफाफ्यावरील बेरजेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अहो, या बेरजेंत ५६० म्हणून लिहिलेले आपणच ना?" मीं मान हालविली. "मग नको," ती म्हणाली. आणि आंत जाऊन तिनें ट्रेलरसाठीं काढून ठेवलेलीं भांडीं पुनः कपाटांत लावलीं.

विसाराचे पांचशें डॉलर गेले. त्याचें फारसें वाईट वाटलें नाहीं. परंतु तो उन्हाळा गेला, याचें वाटलें. नवी गाडी घेण्याइतका पैसा नव्हता, आणि योग्य अशी जुनी गाडी वेळेंत मिळाली नाहीं. ट्रेलर भाड्याच्या जागेंत उभा राहिला. आम्हीं एक तंबू घेऊन चार दिवस कसेबसे डोंगरांत काढले. त्यांतले दोन पावसांत गेले. ऑगस्टमध्यें मुलगी निघून गेली. तिनें एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. पण विमानतळावरून परत येतांना तिची आई खिडकीबाहेर पाहत होती, आणि मी योग्य तेंच केलें असूनहि अपराध्यासारखा गाडी हांकीत होतों. शहाणपणाची किंमत कधीं कधीं अशी आगाऊ भरावी लागते, आणि तिच्या मोबदल्यांत हातांत कांहींच दिसत नाहीं. कारण जें संकट आलेंच नाहीं, तें कोणास दाखवितां येत नाहीं.

ऑक्टोबरमध्यें एक टनी वर्गाची जुनी पिकअप मिळाली. या वेळीं मीं उलट क्रमानें काम केलें: आधीं दाराआडचा कागद, मग वजनकांटा, आणि सर्वांत शेवटीं एंजिन. टाकी पूर्ण भरून, मी आंत बसलों असतां, तिचें वजन ७,६४० पौंड भरलें. तिची एकूण मर्यादा ११,५००. म्हणजे उरले ३,८६०. त्यांतून खुंट्याचे २,४००, हिचेचे १५०, इतर तिघांचे ३८० व हत्यारांचे १०० वजा जातां ८३० पौंड शिल्लक. मौज अशी कीं, ही गाडी पेट्रोलची असल्यामुळें ओढण्याचा तिचा आंकडा पहिलीहून कमीच, म्हणजे तेरा हजार होता! उंचावरील विरळ हवेंत तर तिच्यासारख्या साध्या पेट्रोल एंजिनाची शक्ति दर हजार फुटांस सुमारें शेंकडा तीन या प्रमाणांत घटते. ती चढणीवर हळू चालते. चालूं दे, बैल हळू चालला तरी मान शाबूत आहे.

पुढल्या वर्षीं, २०२३ च्या उन्हाळ्यांत, मुलगी सुट्टीवर आली आणि आम्ही चौघे पश्चिमेकडे निघालों. निघतांना भरलेल्या ट्रेलरसह कांट्यावर गेलों. मोटारीचे दोन आंस मिळून १०,४५० पौंड, मर्यादेच्या आंत. डेन्व्हरहून तिकडे जाणारा हमरस्ता चढत चढत अकरा हजार फुटांहून उंच असलेल्या आयझेनहॉवर बोगद्यांत शिरतो, आणि बोगदा संपतांच सिल्व्हरथॉर्न गांवापर्यंत मैलोगणती सारखा उतरत जातो. ज्यांचे ब्रेक निकामी झाले त्या मालमोटारींसाठीं या उतारावर रस्त्याच्या कडेस खडीनें भरलेले चढते फांटे काढून ठेवलेले आहेत. बोगद्याच्या तोंडाशीं मीं गाडी खालच्या गिअरांत घातली. वेग बेताचाच ठेवला. ब्रेक मधून मधून थोडा थोडा दाबला, आणि सोडला. ट्रेलरचे ब्रेक आपलें काम करीत होते. इतर गाड्या भराभर पुढें गेल्या. धाकटा मुलगा म्हणाला, "बाबा, आपण किती हळू चाललों आहों!" थोरलीनें मागून उत्तर दिलें, "असूं दे रे. बाबांनीं एक उन्हाळा घालवून हा उतार विकत घेतला आहे."

खालीं पोहोंचल्यावर गाडी बाजूस उभी करून मीं चाकांजवळ हात नेऊन पाहिला. तीं ऊन झालीं होतीं, तापलेलीं नव्हतीं. मला आजोबांचा बैलांच्या मानेवरून फिरणारा हात आठवला.

बालमित्रांनो, तुम्हांपैकीं कोणास पांचव्या चाकाचा ट्रेलर ओढण्याचा प्रसंग येईल कीं नाहीं, न कळे. परंतु ट्रॅक्टरला उसाची गाडी जोडण्याचा, टेंपोंत माल भरण्याचा, अथवा दुचाकीवर तिसऱ्यास बसविण्याचा प्रसंग येईलच. त्या वेळीं, "एवढें सहज ओढेल," असें सांगणारा कोणीतरी तेथें हजर असेल, आणि तो खोटेंहि बोलत नसेल. तुम्ही मात्र पुढें होऊन जूं स्वतःच्या हातांनीं उचलून पाहा.